पदवीला धर्म हा विषय: मूळ भाषा पहिल्याच वर्षी घ्यावी का?

शब्दयात्री
बारावीनंतर धर्म हाच मुख्य विषय घेऊन पदवी करायची असं एखाद्या मुलीने किंवा मुलाने ठरवलं, तर त्यांना नीट वाट दाखवणारं मराठीत फार थोडं लिहिलेलं आहे. म्हणून हा धागा. माझं मत आधीच मांडतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल.

पहिल्या सत्रापासून एक मूळ भाषा घ्यावी. संस्कृत, पाली, अर्धमागधी, अरबी, ग्रीक, हिब्रू, यांपैकी कुठलीही, पण एक. तीन वर्षांच्या पदवीत सत्रं सहा. व्याकरणाचा पाया घालायला दोन सत्रं जातात, शब्दकोश हाताशी धरून ग्रंथ वाचायला तिसरं-चौथं. म्हणजे दुसऱ्या वर्षी सुरुवात केली तर वाचता यायला लागेपर्यंत पदवी हातात पडते, आणि सगळा अभ्यास दुसऱ्याच्या भाषांतरावर होतो.

प्रश्न असा की हे सगळ्यांना लागू आहे का? आणि भारतात राहून हा विषय पदवीला नेमका कुठे शिकता येतो?

मुळाक्षर
भाषेच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. ग्रीकबद्दल लिहितो, कारण तिची भीती उगाच घातली जाते.

बायबलच्या नव्या कराराची ग्रीक, म्हणजे कोइने, ही अभिजात ग्रीकपेक्षा सोपी आहे. द्विवचन गळालेलं, विभक्ती पाच. नव्या करारात वेगवेगळे शब्द साधारण साडेपाच हजार येतात, पण पन्नास किंवा जास्त वेळा येणारे शब्द जेमतेम तीनशे, आणि मजकुराचा ऐंशी टक्के भाग तेवढ्यांनीच व्यापलेला आहे. रोज पाच नवे शब्द आणि आदल्या आठवड्याच्या पस्तीस शब्दांची उजळणी, एवढं केलं तर पहिल्या सत्रातच तो टप्पा ओलांडता येतो. एकदम तीस शब्द पाठ करून पुढचे चार दिवस वहीला हात न लावणारे मागे पडतात.

दहावीपर्यंत संस्कृत झालेल्या मुलांना इथे मोठा फायदा आहे. भूतकाळी धातूला आधी ‘ए’ लागतो, तो आपल्या ‘अभवत्’मधला ‘अ’च. परोक्षभूतात होतं तसं द्वित्व तिथेही होतं. आत्मनेपद माहीत असेल तर मिडल व्हॉइस समजावून सांगावा लागत नाही. सति सप्तमी येत असेल तर तिथली सति-षष्ठी एका तासात पचते.

मुलं अडखळतात ती कृदन्तांवर. एकेका वाक्यात तीन-तीन कृदन्तं येतात आणि मुख्य क्रियापद शेवटी कुठेतरी. म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लावायची: वाक्य हातात आलं की आधी मुख्य क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारायची, मग कर्ता, मग बाकीचं. डावीकडून एकेका शब्दाचा अर्थ लिहीत गेलं की वाक्य हातून सुटलंच.

बोरीचा_पार
मस्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

रेवातीर
शब्दयात्री, तुमच्या मताला माझा विरोध आहे, आणि तो आळसाचा नाही.

भाषा घेतली की आठवड्याचे चार तास वर्गात आणि रोजचा पाऊण तास घरी जातो. हा वेळ कुठून तरी येतो. बहुतेक वेळा तो समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि इतिहासाच्या वाचनातून येतो. मग तिसऱ्या वर्षी अशी मुलं दिसतात की ज्यांना छांदोग्य उपनिषदाचा एक खंड लावता येतो, पण गावातल्या म्हसोबाला बोकड का कापतात आणि तो कोण कापतो, हे कसं विचारायचं ते माहीत नसतं. धर्म ग्रंथात असतो तसाच तो जत्रेत, व्रतात, दर्ग्यावरच्या उरुसात, लेण्यातल्या दानलेखात असतो. ज्याला क्षेत्रकार्य करायचंय त्याची ‘मूळ भाषा’ अहिराणी, मालवणी किंवा गोंडी असू शकते.

टिळकरोड
भारतात कुठे, याचं उत्तर. आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आपल्या विद्यापीठांत हा विभाग का दिसत नाही ते कळणार नाही.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. १८५४ च्या वुडच्या खलित्यातच (इथल्या शिक्षणाचं धोरण ठरवणारा कंपनी सरकारचा आदेश) लिहिलेलं होतं की पदवीच्या परीक्षेत धर्मश्रद्धेशी संबंधित विषय नसतील. ते वळण पुढेही टिकलं. नंतर राज्यघटनेचा अनुच्छेद २८(१) आला: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. पुष्कळ लोक याचा अर्थ ‘धर्माचा अभ्यासच करायचा नाही’ असा घेतात. तो चूक आहे. डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य (१९७१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण यांचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यातही धर्मांविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यांत फरक केला गेला.

आता संस्था.

ख्रिस्ती धर्मशास्त्राची सर्वांत जुनी व्यवस्था बंगालमधल्या सेरामपूरची. कॉलेज १८१८ चं, १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि १९१८ च्या कायद्याने पदव्यांचं काम बघणारी सिनेट नीट उभी राहिली. देशभरातल्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स सेमिनऱ्या (चर्चचे धर्मसेवक घडवणाऱ्या संस्था) तिला जोडलेल्या आहेत. पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यातलीच. ती आधी यवतमाळला होती, १९८३ साली पुण्यात आली. कॅथलिक बाजूला नगर रोडचं ज्ञानदीप: १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झालं, १९५५ पासून पुण्यात. तिथे आधी तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र असा क्रम असतो.

इस्लामी धर्मशास्त्रासाठी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात स्वतंत्र विद्याशाखा आहे, सुन्नी आणि शिया असे दोन विभाग. बनारस हिंदू विद्यापीठात संस्कृतविद्या धर्मविज्ञान संकाय आहे, पदवीला शास्त्री म्हणतात. शास्त्री पदवी आपल्याकडे रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठातही करता येते. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून धर्म-अध्ययनाचा विभाग आहे, पण तो मुख्यतः पदव्युत्तर.

बोरीचा_पार
टिळकरोड, सेरामपूरच्या बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) थेट बारावीनंतर जाता येतं का?

टिळकरोड
कालावधी आधीच्या शिक्षणावर ठरतो, त्यामुळे त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक मागवून बघा. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या: ही पदवी मुळात चर्चच्या सेवेसाठी आहे. अर्जासोबत साधारणपणे आपल्या मंडळीचं शिफारसपत्र लागतं, आणि अभ्यासक्रमात प्रवचन, समुपदेशन, प्रत्यक्ष मंडळीत काम असे विषय असतात. नुसती अभ्यासाची गोडी असलेल्याने बी.ए.चा रस्ता धरावा: संस्कृत, पाली किंवा अर्धमागधी मुख्य, जोडीला तत्त्वज्ञान किंवा इतिहास. पुणे विद्यापीठाच्या पाली विभागात प्रमाणपत्र आणि पदविका बी.ए.बरोबर करता येतात.

ओसरी
टिळकरोड यांनी चांगली मांडणी केली, पण एक फरक स्पष्ट झाला पाहिजे. थिऑलॉजी म्हणजे एखाद्या परंपरेच्या आत उभं राहून, तिची गृहीतं मान्य करून केलेला विचार. रिलिजस स्टडीज म्हणजे कोणत्याही परंपरेचा बाहेरून, तुलनेने आणि पुराव्याने केलेला अभ्यास. ब्रिटनमध्ये या दुसऱ्या प्रकाराचा पाया निनियन स्मार्ट यांनी १९६७ साली लँकेस्टरला घातला. अमेरिकेत १९६३ च्या अॅबिंग्टन-शेम्प निकालानंतर सरकारी विद्यापीठांत असे विभाग वाढले, कारण न्यायालयाने बायबलपठणाची सक्ती रद्द करतानाच धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास चालेल असं म्हटलं होतं.

पण ‘आतला’ म्हणजे कमी दर्जाचा असं कृपया समजू नका. मीमांसा आणि वेदान्त हे शुद्ध थिऑलॉजीच आहेत. वेद प्रमाण मानायचा, आणि मग वाक्याचा अर्थ लावताना तर्काची एकही पायरी सोडायची नाही. इतकी शिस्त बाहेरून अभ्यास करणाऱ्यांनाही क्वचित साधते. पदवीच्या विद्यार्थ्याने दोन्ही बाजू शिकाव्यात, फक्त आपण आत्ता कुठे उभं राहून बोलतोय ते प्रत्येक निबंधात ठाऊक असावं.

रेवातीर
ओसरी, हे पटलं. माझी तक्रार ग्रंथाच्या अभ्यासाबद्दल नाही. फक्त ग्रंथ वाचता आला म्हणजे धर्म कळला, या समजुतीबद्दल आहे.

मुळाक्षर
रेवातीर, मग मूळ भाषेने नेमकं काय मिळतं ते एका उदाहरणाने दाखवतो. जगभरात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला करून घेतात तोच हा सराव आहे.

मत्तय, मार्क आणि लूक या नव्या करारातल्या तीन शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत) पुष्कळ मजकूर सारखा आहे. मार्कच्या ६६१ वचनांपैकी सहाशेच्या आसपास वचनांचा आशय मत्तयात सापडतो. कोणी कोणाचं वाचून लिहिलं, हा प्रश्न. सरावासाठी पक्षघाती माणसाची गोष्ट घ्या: मार्क २:१–१२, मत्तय ९:१–८, लूक ५:१७–२६. आडव्या कागदावर तीन रकाने, तिन्ही ग्रीक पाठ शेजारी शेजारी. तिघांत सारखा शब्द लाल. मार्क आणि मत्तयात सारखा निळा. मार्क आणि लूकमध्ये हिरवा. मत्तय आणि लूकमध्ये आहे पण मार्कात नाही, तो पिवळा. बाकी कोरा.

रंगवून झालं की तीन गोष्टी उठून दिसतात. मार्कात माणसं छप्पर उकरून रुग्णाला खाली सोडतात, लूकमध्ये कौलांमधून सोडतात, आणि मत्तयात छपराचा पत्ताच नाही. दुसरं, पिवळा रंग फार थोडा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. येशूचं वाक्य सुरू होतं: मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून... आणि वाक्य मध्येच तोडून निवेदक सांगतो की तो पक्षघाती माणसाकडे वळून म्हणाला. हे तुटणं तिन्ही ग्रंथांत नेमकं त्याच जागी आहे. तोंडी सांगताना तीन माणसं एकच वाक्य एकाच जागी अशी तोडत नाहीत. समोर लिखित मजकूर असल्याशिवाय हे होत नाही.

आता हेच भाषांतरावरून करा. रुग्णाच्या अंथरुणाला मार्क क्राबात्तोस म्हणतो, मत्तय क्लिने, लूक क्लिनिदिओन. भाषांतरकाराने तिन्हीकडे ‘खाट’ लिहिलं की विद्यार्थी तिन्ही ठिकाणी लाल रंग फासतो आणि निष्कर्ष चुकतो. उलटही होतं: एकाच ग्रीक शब्दाला भाषांतरात दोन शब्द, आणि खरा लाल कोरा राहतो.

खडूफळा
मुळाक्षर, प्रतिसाद कमाल आहे. शाळेतल्या मुलांनाही रंगपेटी देऊन हरिपाठाच्या दोन छापील प्रती अशा रंगवायला लावता येतील.

सासष्टीकर
खडूफळा, गोव्याकडून एक भर. पाठभेदाचा सराव मराठीतच करायचा तर क्रिस्तपुराणासारखं साहित्य नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली सासष्टीत राशोलला रोमी लिपीत छापला गेला, जवळपास अकरा हजार ओव्या. पहिल्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. लंडनला सोआस या पौर्वात्यविद्येच्या संस्थेच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे, आणि त्याची शब्दकळा रोमी परंपरेतल्या प्रतींपेक्षा जास्त संस्कृतप्रचुर आहे. एक अवस्वर (त्या ग्रंथातला अध्याय) घ्या, पन्नास ओव्या, दोन्ही पाठ समोर ठेवा, आणि ईश्वर, स्वर्ग, कृपा या कल्पनांसाठी कुठे कोणते शब्द आलेत त्याचा तक्ता करा. पदवीच्या प्रबंधाला हा विषय पुरतो, आणि ग्रीक यावीच लागते असं नाही.

टिळकरोड
अवांतर, पण संबंध आहे. सेरामपूरच्या विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, आणि १८१० चा मराठी कोश मोडीत छापलेला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही केडगावला. धर्माभ्यासात भाषा आधी, ही वाट आपल्याकडे नवी नाही.

पोथीशाळा
इतक्या प्रतिसादांत एका गोष्टीचा उल्लेख नाही, आणि पहिल्या वर्षाचे सर्वांत जास्त गुण तीच खाते: संदर्भाचा क्रमांक. विद्यार्थी क्रमांक लिहितो, परीक्षक उघडून बघतो, तिथे भलतंच वचन. विस्ताराने लिहिते.

बायबलची स्तोत्रसंहिता. हिब्रू पाठात स्तोत्राचं शीर्षक पहिलं वचन म्हणून मोजतात, इंग्रजी वळणाच्या भाषांतरांत मोजत नाहीत. एकावन्नाव्या स्तोत्राचं शीर्षक दोन वचनांइतकं लांब आहे, म्हणून आपल्याकडचं ५१:१ म्हणजे हिब्रूतलं ५१:३. त्याशिवाय जुन्या ग्रीक भाषांतरात नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलं आहे. तिथून पुढचे बहुतेक क्रमांक एकाने मागे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे तेविसावं स्तोत्र लॅटिनमध्ये बाविसावं असतं, ते त्यामुळे; लॅटिन भाषांतर ग्रीकच्या क्रमाने जातं. योएलच्या पुस्तकाचे हिब्रूत चार अध्याय, इंग्रजी वळणात तीन.

महाभारत. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत गीता भीष्मपर्वाच्या २३ व्या अध्यायापासून ४० व्यापर्यंत आहे. टीकाकार नीलकंठाच्या पाठाच्या छापील प्रतींत तीच २५ ते ४२. लेखात एका आवृत्तीचा क्रमांक आणि दुसरीचा श्लोक आला की सगळं कोसळतं. शिवाय जो श्लोक चिकित्सक आवृत्तीत तारांकित होऊन तळटीपेत गेला आहे, त्याला ‘महाभारतात आहे’ म्हणताना कोणत्या शाखेच्या हस्तलिखितांत आहे ते लिहायलाच हवं.

ऋग्वेद. मंडल–सूक्त–ऋचा ही एक पद्धत, अष्टक–अध्याय–वर्ग ही दुसरी. सायणभाष्याच्या जुन्या प्रती दुसरीने चालतात. ८.१.१ असं नुसतं लिहिलं तर आठवं मंडल की आठवं अष्टक?

कुराण. जुन्या युरोपीय पुस्तकांत १८३४ च्या फ्ल्यूगेल आवृत्तीचे आयत-क्रमांक असतात, आजची सर्वमान्य मोजणी १९२४ च्या कैरो आवृत्तीची. फरक काही आयतांचा पडतो. जुना लेख उद्धृत करताना क्रमांक ताडून मगच लिहावा.

पाली. दीघनिकायातलं दुसरं सुत्त सामञ्ञफल, पण शोधनिबंधात ते ‘दी. १.४७’ असं दिसेल. तो सुत्ताचा क्रमांक नाही. पाली टेक्स्ट सोसायटीच्या रोमन लिपीतल्या आवृत्तीच्या पहिल्या खंडाचं पान आहे. देवनागरी आवृत्तीच्या सत्तेचाळिसाव्या पानावर शोधत बसू नका.

तुकारामांची गाथा तर विचारूच नका. इंदुप्रकाशची १८६९–७३ ची, १९५० ची सरकारी, देहूची, पंढरपूरची, प्रत्येकीत क्रम वेगळा. अभंगाचा पहिला चरण आणि आवृत्ती, दोन्ही लिहायचं. नुसता क्रमांक कधीही नाही.

शेवटचं, सालं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हा अर्धाच नियम आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पौष-माघातली पुण्यतिथी असेल तर चूक ठरलेली. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शके १५०६ मध्ये शुद्ध केला, म्हणजे इ.स. १५८४.

उपाय साधा आहे. वहीच्या पहिल्या पानावर ग्रंथाचं नाव, वापरलेली आवृत्ती, संपादक, साल आणि क्रमांकाची पद्धत, एवढा तक्ता पहिल्या आठवड्यात करून ठेवा.

बोरीचा_पार
पोथीशाळा ताई, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. शकाचं ७९ माहीत नव्हतं.

शब्दयात्री
पोथीशाळा, एकनाथांचा उल्लेख केलात ते फार चांगलं. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घुसडू नये हा त्यांचा दंडक पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला सांगावा असाच आहे.

रेवातीर, आता तुमच्याकडून क्षेत्रकार्याचं असंच तपशिलात हवं.

रेवातीर
घ्या. वारीचं उदाहरण घेते, कारण महाराष्ट्रातले बहुतेक विद्यार्थी तोच विषय निवडतात आणि बहुतेक अहवाल तिथेच फसतात.

आख्खी पालखी हा विषय नाही. एक दिंडी निवडा. रथापुढच्या किंवा मागच्या क्रमांकाने ती ओळखली जाते. निघण्याआधी दिंडीप्रमुखांची परवानगी घ्या, तोंडी चालेल, पण कधी, कोणाकडून, ते लिहून ठेवा. ध्वनिमुद्रण करायचं तर ते वेगळं विचारा.

प्रश्न: ‘तुम्ही वारी का करता?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला ठरलेली उत्तरं आहेत, माउलीने बोलावलं, घराण्यात आहे. ती खरीही असतात, पण त्यातून नवं काही हाती लागत नाही. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. आज वाटचालीत कोणते अभंग झाले? वारांचे अभंग कुठे घेतले? वीणा कोणाकडून कोणाकडे गेली, कोणी ठरवलं? स्वयंपाकाचा शिधा कोणी भरला, भिशी (जेवणाची वर्गणी) किती? कोणाच्या राहुटीत कोण झोपलं? जात, पैसा, बाईचं स्थान, परंपरेचा अधिकार, सगळं या उत्तरांत आपोआप येतं.

टिपणं त्याच रात्री पूर्ण करायची. वहीचं पान उभं दुमडा: डावीकडे पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे तुमचा अर्थ. हे दोन रकाने मिसळले की अहवाल कामातून गेला. आणि वारकऱ्याचं नाव अहवालात नको, वय, गाव-तालुका आणि दिंडीतलं काम पुरतं.

आणि हो, हरिपाठ आणि नित्याचे अभंग आधीपासून ऐकून जा. समोर काय म्हटलं जातंय हेच कळत नसेल तर क्रम बदलला हे कसं कळणार?

मुळाक्षर
म्हणजे शेवटी मूळ भाषा आलीच की! :)

रेवातीर
आली, पण ती वर्गात शिकवत नाहीत. :)

ओसरी
निबंधाबद्दल कोणी लिहिलेलं नाही, म्हणून.

या विषयाचे निबंध दोन टोकांना जाऊन पडतात. एक प्रवचन होतं, ‘सर्व धर्म शेवटी प्रेमच शिकवतात’. दुसरा निकालपत्र होतं, ‘हे सगळं सत्ताधाऱ्यांनी रचलं’. दोन्हींत समोरच्याचं म्हणणं तपासलेलं नसतं.

आपल्याकडे यावर तयार साचा आहे, मीमांसेतलं अधिकरण, म्हणजे एका प्रश्नाच्या चर्चेची पाच अंगांची मांडणी. विषय: कोणत्या वाक्याबद्दल किंवा आचाराबद्दल बोलतोय. संशय: त्याचे कोणते दोन अर्थ संभवतात. पूर्वपक्ष: जो आपल्याला मान्य नाही तो, पण त्याच्या सर्वांत बळकट रूपात. सिद्धान्त: आपलं उत्तर, कारणांसह. संगती: आधीच्या प्रकरणाशी याचा संबंध. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताचं लेखन जवळजवळ याच वळणाने जातं: आधी आक्षेप, मग विरुद्ध प्रमाण, मग त्याचं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचं खंडन.

दोन हजार शब्दांच्या निबंधात विषय-संशयाला तीनशे, पूर्वपक्षाला सहाशे, सिद्धान्ताला नऊशे, संगतीला दोनशे, असं साधारण माप ठेवा. पूर्वपक्ष दीडशे शब्दांत उरकलेला दिसला की परीक्षकाला कळतं, याने विरोधी बाजू वाचलेली नाही. आणि ‘हिंदू धर्म मानतो’, ‘इस्लाम म्हणतो’ अशी वाक्यं खोडा. कोणता ग्रंथ, कोणता भाष्यकार, कोणत्या शतकात, ते लिहा.

लेस्टरकर
परदेशाचं थोडक्यात. केंब्रिजला या विषयाच्या पदवीत पहिल्या वर्षी धर्मग्रंथाची भाषा घ्यावी लागते. हिब्रू, नव्या कराराची ग्रीक, कुराणाची अरबी आणि संस्कृत यांतून निवड असते. ऑक्सफर्डची पदवी तीन वर्षांची, एडिंबरोची चार. या विद्यापीठांत प्रवेशाला श्रद्धेची अट नाही. जर्मनीत प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राच्या पूर्ण अभ्यासक्रमाला लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तिन्हींच्या परीक्षा लागतात, त्यामुळे सुरुवातीची सत्रं भाषांतच जातात. म्हणजे शब्दयात्रींची सूचना तिकडे नियमच आहे.

हिब्रू घेणाऱ्यांना एक सावधगिरी: १९०६ चा ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज कोश धातूनुसार लावलेला आहे. ‘माकोम’ म्हणजे जागा, हा शब्द ‘म’खाली मिळत नाही, ‘कूम’ धातूखाली मिळतो. नवशिक्याने वर्णानुक्रमाचा कोश घ्यावा, आणि ‘न’ने सुरू होणारे धातू शिकून झाल्यावरच मोठ्या कोशाकडे वळावं. त्या धातूंमधला ‘न’ रूपांत गायब होतो आणि विद्यार्थी भलत्याच पानावर शोधत राहतो.

खडूफळा
नोकरीचं काय? पालक पहिला प्रश्न हाच विचारतात.

टिळकरोड
प्राध्यापकीसाठी नेटमध्ये ‘धर्मांचा तुलनात्मक अभ्यास’, ‘बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अभ्यास’, ‘हिंदू अध्ययन’ असे स्वतंत्र विषय आहेत, शिवाय संस्कृत, पाली, प्राकृत. पण जागा थोड्या. हस्तलिखितांची सूची, संग्रहालय, पुराभिलेख, भाषांतर, संपादन, पत्रकारिता, या बाजूला भाषा येणाऱ्या माणसाला काम मिळतं. पदवी करतानाच मोडी आणि एका हस्तलिखित लिपीचं वाचन शिकून घेतलं तर दार बरंच उघडतं. घरच्यांना हे आकड्यांत सांगता येत नाही, पण लपवूही नये.

चिंचेचं_पान
सगळा धागा वाचला. आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? बारावी कला शाखा, संस्कृत दहावीपर्यंत, घर नागपूरला, बौद्ध धर्माची ओढ, इंग्रजी वाचता येतं. अशा मुलीने पहिल्या वर्षी काय घ्यावं?

पोथीशाळा
पाली, डोळे मिटून. दहावीपर्यंतचं संस्कृत असेल तर पालीचं व्याकरण एका सत्रात बसतं: द्विवचन नाही, विसर्ग नाही, जोडाक्षरं सोपी झालेली. आणि लिपीचा अडसर नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा (सहाव्या धम्मसंगीतीत ठरलेल्या पाठाचा) संपूर्ण तिपिटक देवनागरीत मोफत उपलब्ध केला आहे, अट्ठकथांसह (जुन्या पाली टीकांसह).

सुरुवात धम्मपदाने सगळे करतात, पण पद्यात शब्दक्रम उलटसुलट असतो. मी म्हणेन मज्झिमनिकायातलं एखादं छोटं गद्य सुत्त घ्यावं. त्यात तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या आवर्तनानेच व्याकरण डोक्यात बसतं. आजच्या प्रतींत आवर्तनाच्या जागी ‘पे’ असं अक्षर छापलेलं असतं. तो शब्द नाही, ‘वरीलप्रमाणे पूर्ण वाचा’ अशी खूण आहे. पहिल्या महिन्यात प्रत्येक ‘पे’ वहीत पूर्ण लिहून काढायचा.

शब्दयात्री
सहमत. रेवातीर, या मुलीसाठी तुमचं काय मत?

रेवातीर
पाली घ्यावीच. फक्त दुसऱ्या वर्षी दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनी वही घेऊन जावं, आणि तिथे म्हटल्या जाणाऱ्या वंदनेतला कोणता भाग कोणत्या ग्रंथातून आला, कोणता बाबासाहेबांनी १९५६ च्या धर्मांतरावेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतला, आणि कोणता गाण्यांतून आला, याची नोंद करावी. तिच्या हातात त्या वेळी पाली असेल तर हा अहवाल माझ्या कुठल्याही नमुन्यापेक्षा चांगला होईल.

चिंचेचं_पान
पुण्याच्या पाली विभागाचं प्रमाणपत्र नागपूरहून बाहेरून करता येतं का?

टिळकरोड
त्यासाठी पुण्यापर्यंत जायला नको. नागपूर विद्यापीठातच पाली-प्राकृत विभाग आहे. बी.ए.ला पाली विषय देणारी महाविद्यालयंही तिथे आहेत. प्रवेशाच्या अर्जात पाली मुख्य विषय म्हणून मिळतो की फक्त जोडविषय म्हणून, एवढं महाविद्यालयाच्या कार्यालयात आधी विचारा. जोडविषय म्हणून घेतला तर तिसऱ्या वर्षी ग्रंथवाचनाचा पेपर मिळत नाही असं होऊ शकतं.